सह्याद्री 'वळी पर्वत' नाही, आणि ट्रॅप म्हणजे सापळा नाही

प्रश्न असा आलाय की गुहागर-दापोलीकडचे गाइड आणि रीलवाले सह्याद्रीला सरसकट 'वळी पर्वत' म्हणतात, भूकवचाच्या दोन प्लेटी आदळल्या नि हा वर आला म्हणे, ते बरोबर का? आणि दख्खनच्या लाव्ह्याच्या थरांना 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात, त्यातला ट्रॅप म्हणजे सापळा का? दोन्ही चूक. ऐकून ऐकून कान किटले.

वळी म्हणजे पोटावर पडते तीच, त्रिवळीतली, त्यात फार काही नाही. खडकाला वळी पडायला रेटा लागतो आणि तो मिळाला हिमालयाला. टेथिस समुद्राचा तळ आशियाखाली बुडत गेला, त्याच्यामागून भारताचा भूखंड आला, पण हा खडक हलका, प्रावरणात, म्हणजे कवचाखालच्या जाड थरात, तसा बुडेना, मग थर दुमडले, फाटले, एकमेकांवर चढले. बरं, बुडालेला तळ गेला कुठे? भूकंपाच्या लाटा थंड खडकातून जोरात जातात, त्यावरून माग काढला तर तो भारताच्याच पोटात हजार किलोमीटरच्याही खाली सापडतो, म्हणजे तो खाली गेला नि आपण त्याच्या डोक्यावरून उत्तरेला सरकलो!

आपल्याकडे यातलं काही नाही. चिपळूणहून कुंभार्ली चढताना कापलेली दरड बघा, काळ्या कातळाचे थर, मध्येच लाल पट्टा, आणि सगळं जवळजवळ आडवं. वळी दाखवा कुठे ती. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी ओतलेला लाव्हा आहे हा, पुढे हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांचा तुकडा तुटून गेला, किनारा घडला आणि झिजत झिजत कडा मागे हटला.

आता खरी मजा. ट्रॅप आला स्वीडिशमधल्या 'त्राप्पा'वरून, म्हणजे जिना. कठीण थराचा कडा उभा राहतो, मऊ थर झिजून उतरता होतो, की झाल्या पायऱ्या. यासाठी कुणी 'सोपानप्रस्तर' असलं काही घडवायला बसलं तर त्याला आधी कोकणात आणा, आपल्याकडे 'पाखाडी' आहे की! वाडीतून देवळाकडे चढणारी दगडी पायऱ्यांची वाट. दख्खनची पाखाडी, यात कमी काय आहे?

पाखाडीला कुणी 'पाषाण'शी जोडू बघेल, मला पटत नाही. माझ्या मते तो शब्द 'पाखं'वरून आलाय, छपराची उतरती बाजू ती पाखं, आणि पाखाडी उतारावरच असते, सपाटीवर कोण कशाला पायऱ्या बांधेल? पाषाणवाल्यांनी आधी याचं उत्तर द्यावं.