लेन्स दुरुस्त करावी की तक्रार करावी?

प्रश्न : मी चिपळूणचा. लग्न-मुंजीचे फोटो काढून घर चालवतो, मदतीला एक मुलगा आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबईच्या एका दुकानातून ७०-२०० मिलिमीटरची एफ २.८ लेन्स १ लाख १२ हजारांना घेतली. पक्के बिल आहे, दोन वर्षांची वॉरंटी आहे. फोटोची डावी बाजू सॉफ्ट, म्हणजे पुसट, येते हे मार्च २०२५ मध्ये लक्षात आले. अधिकृत सर्व्हिस सेंटरने ऑगस्टमध्ये ‘आघातामुळे बिघाड, वॉरंटी लागू नाही’ असे लिहून ३४,८०० रुपयांचे इस्टिमेट दिले. लेन्स माझ्या हातून कधीच पडलेली नाही. मी ती तशीच परत आणली. इथला ओळखीचा कारागीर ९ हजारांत करून देतो म्हणतो. तुळशीच्या लग्नानंतर माझा सीझन सुरू होतो. दुरुस्त करून मोकळा होऊ की ग्राहक आयोगात जाऊ? दुकानदारावर फसवणुकीची केस होईल का?

उत्तर : कारागिराकडे लेन्स आत्ता देऊ नका. तो हुशार असेलही, प्रश्न त्याच्या हाताचा नाही. त्याने स्क्रू फिरवला की तुमचा सगळ्यात मोठा पुरावा गेला. उद्या कंपनीचा वकील एकच प्रश्न विचारेल, ‘लेन्स बाहेर उघडली होती का?’ त्याला ‘हो’ म्हणालात की मूळ दोष कुणाचा हे कुणालाच सांगता येणार नाही. शिवाय वॉरंटीची उरलेली मुदतही हातची जाईल.

आता मुद्द्याचे. अशा लेन्समध्ये वीसच्या आसपास भिंगे असतात. त्यातला एखादा गट मधल्या रेषेपासून जरा सरकला, तरी फोटोची एक बाजू सॉफ्ट होते. तो कारखान्यात जोडतानाच तिरका बसलेला असू शकतो, किंवा दणका बसून सरकलेला असू शकतो. फोटोत दोन्हींचा परिणाम सारखाच दिसतो. म्हणजे आजचा फोटो दोष आहे एवढेच सिद्ध करतो, तो कशाने आला हे नाही. ‘आघात’ शब्दामागे सर्व्हिस सेंटर लपते ते इथेच.

म्हणून आज रात्रीच बसून हार्ड डिस्क उघडा आणि लेन्स घेतल्यानंतरचे पहिल्या एक-दोन कार्यक्रमांचे मूळ फोटो शोधा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले नकोत, कॅमेऱ्यातून आलेल्या फाइलच हव्यात. त्यातले एफ २.८ वर, म्हणजे लेन्सचे तोंड पूर्ण उघडे ठेवून, काढलेले आणि डाव्या कडेपर्यंत माणसे एका ओळीत उभी असलेले ग्रुप फोटो निवडा. डावीकडची माणसे तेव्हाही सॉफ्ट असतील, तर दोष विकतानाचाच आहे. फाइलमध्ये तारीख आणि लेन्सची नोंद असते, त्यामुळे तुमची बाजू भक्कम होते. पहिले फोटो स्वच्छ असतील आणि फेब्रुवारी-मार्चनंतरच बिघडले असतील, तर मात्र केस अवघड आहे. मग लेन्स प्रवासात कुठे आपटली का, मदतनीस मुलाने काही सांगायचे टाळले का, हे घरातल्या घरात एकदा विचारून घ्या. वकिलापाशी ‘कधीच पडली नाही’ म्हणणारे पुष्कळ येतात. उलटतपासणीत ते सुटते, तेव्हा वकिलाचेही तोंड उतरते.

चाचणीही करून ठेवा. सपाट भिंतीवर वर्तमानपत्राची पाने शेजारी-शेजारी चिकटवा, कॅमेरा ट्रायपॉडवर भिंतीला समांतर लावा, एफ २.८ ठेवा आणि मधोमध फोकस करा. एक फोटो सरळ घ्या, दुसरा कॅमेरा उलटा करून. दोष कॅमेरा-लेन्सकडचा असेल तर भिंतीवरची सॉफ्ट बाजू बदलेल. भिंत तिरकी होती हा आक्षेप तिथेच संपतो. मग त्याच कॅमेऱ्यावर दुसरी लेन्स लावून तसाच फोटो घ्या, म्हणजे दोष कॅमेऱ्याचा नाही हे दिसेल. या फाइलना हात लावू नका. आयोगात दाखल करताना त्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र जोडू.

जुने फोटो तुमच्या बाजूने निघाले, तर पहिले पत्र दुकान, कंपनी आणि सर्व्हिस सेंटर अशा तिघांना लिहा. ईमेलही करा आणि स्पीड पोस्टने पोचही घ्या. ‘आघात’ कशावरून ठरवला ते विचारा. फिल्टरच्या कड्याला चेप आहे का, माउंट (कॅमेऱ्याला जोडायचे कडे) वाकले आहे का, बाहेर ओरखडा आहे का, त्याचे फोटो आणि तपासणीचा अहवाल मागा. पंधरा दिवस द्या. जॉबशीटवर (सर्व्हिस सेंटरने लिहून दिलेल्या कागदावर) नुसता एक शब्द आणि खाली सही, एवढ्यावर वॉरंटी नाकारता येत नाही. जो अपवादाची अट पुढे करतो, त्यानेच ती लागू कशी होते ते दाखवायचे, असे आपले म्हणणे राहील.

फोटोग्राफी हा धंदा, मग तुम्ही ग्राहक कसे, हा आक्षेप नक्की येणार. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(७) मध्ये व्यापारी कारणासाठी घेतलेली वस्तू वगळली आहे. पण त्याच कलमाच्या स्पष्टीकरणानुसार केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली आणि वापरलेली वस्तू ‘व्यापारी कारणा’त मोडत नाही. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या १९९५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने जुन्या कायद्याखाली हे नीट उलगडले आहे. स्वतः काम करणाऱ्याने एखाद-दुसरा मदतनीस ठेवला म्हणून तो व्यापारी ठरत नाही. तुमची नोंदणीकृत फर्म असेल, पगारी फोटोग्राफर असतील किंवा या बिलावर जीएसटीचा परतावा घेतला असेल, तर ते आधी सांगा. समोरचा ते शोधून काढेलच.

बिलावर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ आणि ‘अधिकारक्षेत्र मुंबई’ असे छापलेले असणार. दोन्हींनी दबून जाऊ नका. सदोष माल ठरलेल्या मुदतीत परत घेण्यास नकार देणे ही कलम २(४७) नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. आणि कलम ३४ नुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच, म्हणजे रत्नागिरीच्या जिल्हा आयोगात, तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, तक्रार ऑनलाइन दाखल होते, वकील सक्तीचा नाही. (माझ्या पोटावर पाय येतो, पण खरे तेच सांगतो.) आधी १९१५ या हेल्पलाइनवर नोंद करून पाहायला हरकत नाही. कंपन्या तिथे कधी कधी चटकन नमते घेतात.

कलम ३८ प्रमाणे विरुद्ध पक्षाला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत, आणि प्रयोगशाळेत तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाल अपेक्षित आहे. प्रत्यक्षात वेळ जास्त जातो. हा सीझन निघून जाईल असेच धरून चाला. तोवर लेन्स भाड्याने घ्या आणि प्रत्येक वेळी पावती घ्या. ते भाडे नुकसानभरपाईत मागू.

भाडे परवडणारे नसेल, तर अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्येच दुरुस्ती करून घ्या. पण आधी बाहेरून सगळीकडून फोटो काढा. ‘हक्क राखून, हरकत नोंदवून पैसे भरत आहे’ असे ईमेलने कळवा आणि काढलेले सुटे भाग परत मागा. मग ३४,८०० रुपयांच्या परताव्याची आणि भरपाईची तक्रार करता येईल. लेन्स बदलून किंवा पूर्ण किंमत मिळण्याची आशा मात्र त्याने कमी होते. जुने फोटो तुमच्या विरुद्ध निघाले, तर वाद सोडा. तेव्हा ९ हजार की ३४,८०० हा फक्त हिशेबाचा प्रश्न उरतो, आणि तिथे कारागिराकडे जायला माझी ना नाही.

आयोगात तक्रार करण्याची मुदत दोन वर्षांची आहे. मी ती सर्व्हिस सेंटरच्या नकारापासून न धरता दोष लक्षात आला तिथून, म्हणजे मार्च २०२५ पासून मोजतो. नुसत्या पत्रव्यवहाराने मुदत वाढत नाही, त्यामुळे ‘साहेबांशी बोलतो’ या आश्वासनावर महिने घालवू नका.

फसवणुकीची केस होणार नाही. दोष माहीत असून दुकानदाराने लपवला, असे दाखवणारे तुमच्याकडे काही नाही. पोलीस हे दिवाणी प्रकरण म्हणून परत पाठवतील. बिल, वॉरंटी कार्ड, जॉबशीटच्या दोन्ही बाजू आणि लेन्सचा सिरियल नंबर तिन्हींवर एकच आहे ना, एवढे तपासून मग पत्र लिहायला घ्या.