नजरेच्या कडेने दिसणारे जग

प्रश्न : माझ्या आईला उतारवयात होणारा मॅक्युलाचा विकार आहे. समोर उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा तिला ओळखता येत नाही, पण जमिनीवर पडलेले बटण ती वाकून अचूक उचलते. घरातल्या काहींना हे सोंग वाटते. असे खरेच होऊ शकते का?

उत्तर : होऊ शकते, आणि यात सोंग अजिबात नाही. मॅक्युला हा दृष्टिपटलाच्या मध्यभागी असलेला, जेमतेम ५.५ मिलिमीटर व्यासाचा भाग असून वाचणे, सुईत दोरा ओवणे, चेहरे ओळखणे ही बारीक कामे त्याच्यावरच अवलंबून असतात. तो निकामी होऊ लागला, की जिथे नजर रोखावी नेमके तिथेच धूसर डाग येतो. कडेची दृष्टी मात्र बहुधा शाबूत राहते. बटण आईला दिसते ते या कडेच्या नजरेने, आणि त्याच बटणाकडे तिने रोखून पाहिले तर कदाचित ते नाहीसे होईल. बोलताना ती तुमच्या कानाकडे पाहत असेल, तर तिला टोकू नका. तिने स्वतःच शोधलेली ती युक्ती आहे आणि अल्पदृष्टी तज्ज्ञ तिचा रीतसर सरावही करून घेतात.

वस्तूंच्या रंगांतला फरक ठळक ठेवा. पांढऱ्या कपात दूध ओतताना तो कधी भरला हे कळत नाही, गडद कपात कळते. सरळ रेषा एकाएकी वाकड्या दिसू लागल्या, तर मात्र त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांशी संपर्क साधावा.