बाहेरून बसवलेल्या मीटरचा उजेड रात्री कमी कसा करायचा?

तुम्ही लिहिलंय की साताऱ्यात गाडीला बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब) आणि ऑइल प्रेशरचे मीटर बसवून घेतले, पण रात्री खंबाटकी घाटात त्यांचा उजेड काचेवर पडतो आणि डॅशबोर्डचं डिमर (उजेड कमी-जास्त करायचं बटण) फिरवून काहीच फरक पडत नाही.

बहुतेक वेळा घोळ वायरिंगचा असतो. मीटरला लाइटची वायर वेगळी येते. घाईत ती इग्निशनला किंवा पार्किंग लाइटला जोडतात, मग तिला कायम पूर्ण १२ व्होल्ट मिळतात. ती डॅशबोर्डच्या दिव्यांच्या, म्हणजे डिमरनंतरच्या वायरला हवी. मल्टीमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) लावून डिमर फिरवा. आकडा खालीवर झाला तर तीच वायर. काही गाड्यांत डिमर अर्थच्या, म्हणजे निगेटिव्हच्या बाजूला असतो, तिथे लाइटची अर्थ बॉडीला न देता डिमरच्या वायरला द्यावी लागते.

आत साधा बल्ब असेल तर एवढ्यावर काम भागतं. एलईडीचं तसं नाही. व्होल्टेज कमी केलं की ती थोडी मंद होते आणि मग एकदम विझते. तिला पीडब्ल्यूएम डिमर लागतो. तो लाइट इतक्या वेगाने चालू-बंद करतो की डोळ्याला फक्त मंद उजेड दिसतो. छोटासा असतो, फक्त लाइटच्या वायरवरच टाका. मीटरच्या मुख्य सप्लायवर टाकलात तर काटा भलतंच सांगेल.

आधी मीटरसोबतचा कागद मात्र वाचाच. काही डिजिटल मीटरमध्ये लाइटच्या वायरला १२ व्होल्ट मिळाले की मीटर आपणहून रात्रीच्या मंद उजेडावर जातो. अशाला डिमर जोडणं म्हणजे नसतं दुखणं.