फ्लॉमचा एक दिवस आणि आईचे गुडघे

प्रश्न : येत्या जून महिन्यात मी माझ्या ७२ वर्षांच्या आईला घेऊन नॉर्वेच्या फ्योर्ड (डोंगरांत आत शिरलेल्या समुद्राच्या अरुंद खाड्या) क्रूझवर जाणार आहे. आमचे जहाज फ्लॉम या बंदरात सकाळी ८ ते सायंकाळी ५ थांबेल. किनाऱ्यावरच्या सहलींत तेथील डोंगरी रेल्वे, स्टेगास्टाइनचा सज्जा आणि नॅरोयफ्योर्डमधील बोटीचा प्रवास असे पर्याय आहेत. आईचे गुडघे दुखतात, जिने तिला झेपत नाहीत. एका दिवसात दोन सहली बसवाव्यात का? – एक वाचक, दादर

उत्तर : दोन सहली वेळेत बसतील, पण मी तुम्हाला तसे सुचवणार नाही. आईला रेल्वेने न्यावे आणि उरलेला दिवस मोकळा ठेवावा. फ्लॉमचे स्थानक धक्क्याच्या अगदी जवळ आहे आणि वाट सपाट आहे, त्यामुळे जहाजातून उतरल्यावर तिला फारसे चालावे लागणार नाही. डब्यात चढताना मात्र तुमचा हात लागेल.

ही रेल्वे केवळ २० किलोमीटरची आहे, पण तेवढ्या अंतरात ती समुद्रसपाटीजवळच्या फ्लॉमहून ८६७ मीटर उंचीवरच्या मिर्दाल स्थानकापर्यंत चढते. आपल्या बोरघाटात १ : ३७ चा, म्हणजे ३७ मीटर अंतरात एक मीटरचा, चढ आहे आणि तेथे गाडीला मागून जादा इंजिने लावावी लागतात, हे पुण्याला जाता-येता कर्जतला आपण पाहतोच. फ्लॉमच्या मार्गावर हा चढ जवळजवळ १ : १८ आहे, तोही साध्या रुळांवर, दातेरी पट्टीच्या आधाराविना. वाटेत २० बोगदे आहेत आणि त्यांतले १८ मजुरांनी हाताने खोदले. एक मीटर खोदायला साधारण महिना लागत असे. १९४० मध्ये ही गाडी सुरू झाली, तेव्हा ती वाफेवर चालत होती. नदी ओलांडण्यासाठी पुलांवर पूल बांधण्याऐवजी त्या अभियंत्यांनी नदीलाच रुळांखालून बोगद्यांतून वळवले, ही गोष्ट मला आजही थक्क करते. आईला हे आधी सांगून ठेवा, म्हणजे अंधारात गेलेल्या मिनिटांचेही तिला मोल वाटेल.

वर जायला साधारण एक तास लागतो. मिर्दालच्या अलीकडे ख्योसफॉसेन या धबधब्यापाशी गाडी काही मिनिटे थांबते आणि सगळे प्रवासी लाकडी फलाटावर उतरतात. मी माझ्या सासूबाईंना घेऊन गेले होते, तेव्हा पाण्याचे तुषार इतके दाट होते की त्यांच्या चष्म्याच्या काचा क्षणात पांढऱ्या झाल्या, फळ्या ओल्या होत्या आणि कठडाही हाताला निसटत होता. जूनमध्ये डोंगरावरचा बर्फ वितळत असल्याने पाणी भरपूर असते. आईला पकड असलेल्या तळव्यांचे बूट घाला, छत्रीऐवजी टोपीचा रेनकोट द्या आणि गर्दी उतरून गेल्यावरच तिला खाली आणा. उतरण्याची तिची इच्छा नसेल तर आग्रह करू नका, डब्यात बसूनही तो आवाज अंगावर येतो. वर मिर्दालला जूनमध्येही बर्फ दिसू शकतो, म्हणून खाली ऊन असले तरी स्वेटर बरोबर हवाच. खिडकीच्या जागेवरून मन खट्टू करून घेऊ नका, कारण पाहण्यासारखे दोन्ही बाजूंना आहे.

स्टेगास्टाइनचा सज्जा फ्योर्डच्या पाण्यापासून सुमारे ६५० मीटर उंचीवर, डोंगराबाहेर ३० मीटर पुढे आलेला आहे. दृश्य विलक्षण आहे, पण वर जाणारा रस्ता अरुंद आणि नागमोडी असल्याने घाटात ज्यांना मळमळते त्यांना बसचा हा प्रवास जड जातो. नॅरोयफ्योर्ड सर्वांत अरुंद ठिकाणी केवळ २५० मीटर रुंद आहे आणि २००५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. या फ्योर्डच्या टोकाच्या गुडवांगेन गावापर्यंतची बोट सुमारे २ तास घेते. आई तरतरीत असेल आणि पुन्हा कधी जाणे झाले, तर रेल्वेनंतर माझी पसंती या बोटीला राहील.

प्रश्न : रेल्वेची तिकिटे जहाजाकडून घ्यावीत की स्वतः काढावीत? – एक वाचक, मुलुंड

उत्तर : स्वतः काढलेले तिकीट बहुधा स्वस्त पडते. फरक जबाबदारीचा आहे. जहाजाने आयोजित केलेल्या सहलीला उशीर झाला तर जहाज सहसा थांबते, तुमच्या स्वतंत्र सहलीसाठी थांबत नाही आणि पुढचे बंदर गाठण्याचा खर्च तुमच्याच माथी येतो. ज्येष्ठांबरोबर जात असाल तर मी जहाजाकडूनच तिकिटे घेईन. स्वतः काढायची असतील तर सकाळची गाडी धरा, म्हणजे परतल्यावर हातात तीन-चार तास उरतील. जहाजावर परतण्याची अखेरची वेळ सुटण्याच्या वेळेच्या बरीच आधी असते. ती त्या दिवसाच्या पत्रकात वाचून कागदावर लिहून खिशात ठेवा आणि जहाजाचे घड्याळ स्थानिक वेळेप्रमाणेच चालते आहे ना, याची उतरण्यापूर्वी एकदा खात्री करून घ्या.