वेळ ठरवणं म्हणजे देवावर अविश्वास का?

"वेळेचं नियोजन केलं तर देवावरचा भरवसा कमी पडला असं होते का, मॅडम?" यवतमाळ-अमरावतीकडच्या खेड्यांतल्या ख्रिस्ती घरांमधून हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो. विचारणाऱ्या बहुतेक बायकाच. प्रश्नाखाली दडलेलं दुखणं मात्र वेगळं असतं: काम आवरलं तर प्रार्थना राहते, प्रार्थनेला बसलं तर काम पडून राहतं, आणि दोन्हीकडे अपराधी आपणच.

एका अंगणवाडी सेविकेचं सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. घरी चार एकर, कपाशी आणि तूर. सकाळी गुरं, डबे, मग अंगणवाडी. पोषण ट्रॅकर या सरकारी मोबाइल ॲपवरच्या नोंदी दुपारी, आणि नेटवर्क गेलं तर रात्री. रविवारी उपासना, संडे स्कूल, भगिनी मंडळाचा हिशेब. शिवाय चर्चच्या पाळकांनी सांगितलं म्हणून पहाटे चारला प्रार्थना.

"बसली की डोया लागते जी. मंग दिवसभर जीव खाते. देवाले काय तोंड दाखवू?"

"रात्री झोपता कधी?"

"अकरा तं होतेच."

पाच तासांची झोप. इथे श्रद्धा कमी नव्हती, झोप कमी होती. गेथशेमाने बागेत शिष्य झोपले तेव्हा आत्मा उत्सुक आहे पण देह अशक्त आहे, असं येशू म्हणाला. मत्तयाच्या शुभवर्तमानातला हा 26 वा अध्याय तिला पाठ होता, स्वतःला लावून मात्र कधी पाहिला नव्हता. चारचा गजर बंद केला. गुरांचं आवरून चहा घेतला की तिथेच बसून एक स्तोत्र आणि दहा मिनिटं प्रार्थना, एवढंच ठरवलं. रोज होणाऱ्या कामाला नवी सवय बांधली की ती टिकते. गजराला बांधलेली सवय पहिल्या पाहुण्याबरोबर मोडते. मी आधी वागणं बदलायला लावते, मन मागून येतं. माझ्यावर यासाठी टीकाही होते, पण फळ दिसतं.

मग आठवडाभर वहीत लिहायला सांगितलं, काय करायला हवं ते नाही, काय झालं ते. नोंदींना तिनं तास धरला होता, लागत होते दीड-दोन. सगळ्यांचंच असं होतं. म्हणून जो अंदाज येईल त्यात त्याचा निम्मा वेळ आणखी मिळवायचा आणि दिवसाचा चौथा हिस्सा कोराच ठेवायचा. गाय आजारी पडते, मोटारीची वीज अवेळी येते, कुणी दारात येऊन बसतं. ती जागा त्यांची.

हा कोरा हिस्सा तिला पटेना. "रिकामं बसलं तं आयशी वाटते."

वेचणीचे दिवस होते. मी विचारलं, "सकाळी सातला बाया वावरात पोचतात. लगेच वेचायला का लावत नाही?"

"दव रायते ना जी. ओला वेचला तं कापूस पिवया पडते, भाव कटते."

तिचं खरंच होतं. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्रावर 8 टक्क्यांच्या वर ओलावा भरला की दर कापतात, 12 च्या वर माल घेतच नाहीत.

"मग दव सुकेपर्यंत तुम्ही आळशी असता?"

ती हसली. मग बराच वेळ बोलली नाही. "थांबणं बी वेचणीतच येते मंग," ती म्हणाली.

हे वाक्य मी सांगितलं असतं तर तिनं मान डोलावून सोडून दिलं असतं. ते तिच्या वावरातून आलं.

तिथून पुढचं सोपं गेलं. माझ्या मते नियोजन म्हणजे जास्त कामं कोंबणं नव्हे, आज काय सोडायचं ते आधी ठरवणं. आणि भरवसा लागतो तो या सोडण्यालाच. मार्काच्या पहिल्या अध्यायात कफर्णहूमचे लोक येशूला शोधत असतात, आणि तो पहाटेच्या प्रार्थनेतून उठून दुसऱ्या गावांकडे निघतो. शोधणारे मागे राहतात.

रोज रात्री उद्याची तीनच कामं लिहायची. उरलेली वहीच्या मागच्या पानावर, आणि ते पान एका वाक्यात देवाच्या हवाली करून झोपायचं. हमखास बिघडतं ते इथे: पान फुगतं आणि दुसरी यादी होऊन छातीवर बसतं. म्हणून दर शनिवारी त्यावरची कामं खोडायची किंवा दुसऱ्याला द्यायची.

रविवारचा विसावा शनिवारीच तयार होतो. बायबलमधल्या निर्गमच्या 16 व्या अध्यायात सहाव्या दिवशी मान्ना, म्हणजे देवानं रानात दिलेलं अन्न, दुप्पट गोळा करायचा होता, तसंच. गुरांसाठी दोन दिवसांचं कुटार काढून ठेवा, दळण आणा, पाणी भरा, सोमवारचे कपडे शनिवारीच धुवा. रविवारी वरण-भात पुरे. नवऱ्याला आणि पोरांना यातलं एकेक काम नावानिशी द्या. "जरा मदत करा" म्हटलं की कुणीच करत नाही.

वेचणीत किंवा लग्नसराईत दोन आठवडे घडी विस्कटली तर राहिलेल्या प्रार्थनांची भरपाई करू नका, पुढच्या शनिवारपासून धरा.

भगिनी मंडळाचा हिशेब तिनं दुसऱ्या बहिणीकडे दिला. तो एकदा चुकला म्हणे, आणि हिची झोप उडाली नाही.