महिना पुरत नाही, चूक माझीच का?

“मॅडम, मला पैसे सांभाळता येत नाहीत, बाकी काही नाही,” असे म्हणून ताईंनी एक शाळकरी वही माझ्यासमोर ठेवली. किमान वेतनावर पॅकिंगचे काम करून मुलीला एकटीने वाढवणाऱ्या या ताई खरे तर झोप लागत नाही म्हणून आल्या होत्या. (ओळख पटू नये यासाठी तपशील बदलले आहेत.)

वहीत पै न् पै पेन्सिलीने लिहिलेली होती आणि काही नोंदींपुढे बारीक फुली होती. फुली म्हणजे ‘हा खर्च नको होता’. मुलीच्या चष्म्याची तुटलेली दांडी बदलली, त्यापुढे फुली. चालत जायला उशीर झाला म्हणून बस धरली, त्यापुढेही फुली.

इथे माझे चुकले. सगळ्यांना देते तोच अंदाजपत्रकाचा छापील तक्ता मी त्यांना दिला, ज्याची पहिली ओळ ‘बचत’ अशी आहे. पुढच्या भेटीत बाकी सगळ्या ओळी भरलेल्या होत्या, ती एक कोरी होती, आणि त्याबद्दल त्यांनी माझी माफी मागितली.

मग आम्ही तक्ता बाजूला ठेवून साधी बेरीज मांडली. फुल्या मारलेले सगळे खर्च झालेच नाहीत असे धरले, तरी घरभाडे, प्रवास, किराणा, वीज, औषधे आणि शाळा यांची बेरीज पगाराच्या वरच जात होती. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा किमान वेतनाविषयीचा १९७० चा करार कामगाराच्या व त्याच्या कुटुंबाच्या गरजांबरोबरच देशाच्या आर्थिक परिस्थितीचाही विचार करायला सांगतो. म्हणजे हा आकडा तडजोडीतून ठरतो आणि तो एखाद्या घराला पुरेलच असे नाही. ताई बराच वेळ त्या बेरजेकडे पाहत राहिल्या.

दर महिन्याला घेतलेली उचल मात्र त्यांना नडत होती, कारण पुढचा पगार हातात येण्याआधीच कापला जात होता. पण तो निष्काळजीपणा नव्हता. तमिळनाडूतील ऊस शेतकऱ्यांवरील, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तीच माणसे तोडणीआधीच्या तंगीत बुद्धीच्या चाचण्यांमध्ये मागे पडली आणि हातात पैसे आल्यावर सुधारली. सतत तोंडमिळवणी करणाऱ्या डोक्याला पुढच्या महिन्याचा विचार करायला जागाच उरत नाही.

म्हणून आम्ही महिन्याऐवजी आठवड्याचा हिशेब धरला. भाडे दोन हप्त्यांत घ्यायला घरमालक तयार झाले, त्यामुळे उचल निम्म्यावर आली. तूट संपलेली नाही. ती आता वहीत स्वतंत्र ओळीत लिहिली जाते. परवा ताईंनी पगाराची पावती आणली आणि जादा तासांचे पैसे नेमके कसे धरले आहेत ते विचारले. पुढच्या भेटीत तेच तपासायचे ठरले आहे.