एकच लेखक टीव्ही मालिकेचे शेकडो भाग एकट्याने लिहू शकतो का?

लिहू शकतो. जर्मनीच्या हेर्बर्ट राइनेकरने लिहिलेत. 'डेर कोमिसार' आणि 'डेरिक' या पोलिसी तपासाच्या दोन मालिका. पहिलीचे सगळे ९७ भाग आणि दुसरीचे सगळे २८१. बेरीज ३७८.

मी स्वतः मराठी मालिकांचे संवाद लिहून पोट भरतो, त्यामुळे हा आकडा कळल्याबरोबर भागाकार करायला बसलो. 'डेरिक' १९७४ ते १९९८ चालली, म्हणजे महिन्याला साधारण एक भाग, तासाभराचा. आमच्याकडे आठवड्याला सहा, वीस-बावीस मिनिटांचे. नुसती मिनिटं मोजली तर राइनेकर माझ्यापुढे आळशी ठरेल! पण माझ्या मालिकेत कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, वनलाइन (सीनची थोडक्यात रूपरेषा) चॅनेलने तीनदा परत पाठवलेली, आणि मी रात्री दोन वाजता सकाळच्या शूटचे सीन व्हॉट्सॲपवर टाकतोय. नायिकेच्या नणंदेला डेंग्यू झाला की ती कथेत तडकाफडकी माहेरी जाते. राइनेकरची गोष्टही त्याचीच, पटकथाही आणि संवादही. तेही २४ वर्षं.

जमलं कसं? साचा पक्का होता म्हणून. म्युनिक शहर, एक खून, बरेचदा एखाद्या श्रीमंत बंगल्यातला. इन्स्पेक्टर डेरिक येतो, प्रश्न विचारतो, आणि उत्तर देणाऱ्याकडे नुसता बघत राहतो. पाठलाग-गोळीबार बेताचाच. सुरुवातीच्या भागांत खुनी कोण ते प्रेक्षकाला आधीच दाखवायचे. लोकांना ते रुचेना, मग गाडी नेहमीच्या 'कोणी केलं'वर आली. निर्माता दोन्ही मालिकांचा एकच, हेल्मूट रिंगेलमान. चॅनेलही एकच, झेडडीएफ. हॅरी क्लाइन हे सहायकाचं पात्र तर 'कोमिसार'मधून उचलून, फ्रिट्झ वेपर या नटासकट, 'डेरिक'मध्ये आणलं. (जुन्या दूरदर्शनवाल्यांना 'द ओल्ड फॉक्स' आठवेल. तीही म्युनिकची, रिंगेलमानचीच, पण राइनेकरची मालिका ती नव्हे. गल्लत होते.)

संवादांत त्याची एक खोड होती. एक जण सांगणार, तो मेला. दुसरा विचारणार, मेला? पहिला पुन्हा, हो, मेला. जर्मनीत याची भरपूर टिंगल झाली. खरं सांगू, पान भरायला ही युक्ती फार सोयीची, 'काय? काय म्हणालास तू?' मीही आठवड्यातून चारदा लिहितो. फरक एवढाच की त्याच्याकडे डेरिकच्या भूमिकेत होर्स्ट टापर्ट होता. डोळ्यांखाली पिशव्या आलेला तो माणूस शांतपणे समोर बसला की तेच रटाळ वाक्य जड वाटायला लागायचं. मालिका शंभराहून जास्त देशांत विकली गेली.

कौतुकाच्या भरात एक गोष्ट मात्र गाळली जाते. राइनेकरचा जन्म १९१४चा. नाझी काळात तो हिटलर युथ या नाझींच्या तरुण संघटनेच्या नियतकालिकांत होता, मग वाफेन-एसएस या नाझींच्या सशस्त्र दलाचा युद्धवार्ताहर. १९४४च्या 'युंगे आडलर' या प्रचारपटाच्या पटकथेत त्याचा हात होता. आणि दहाच वर्षांनी, १९५४च्या 'कानारिस'च्या पटकथेसाठी, त्याला जर्मन चित्रपट पुरस्कार! टापर्टही वाफेन-एसएसमध्ये होता हे २०१३ साली, त्याच्या मृत्यूनंतर, बाहेर आलं आणि झेडडीएफने 'डेरिक'चं पुनःप्रक्षेपण थांबवलं. लेखकाचा इतिहास तर आधीपासून माहीत होता, तेव्हा कोणी काही थांबवलं नव्हतं. नटाचा चेहरा लोकांना आठवतो, लेखकाचा कोणाला आठवणार? आमच्या धंद्यातला हा फायदा मला पहिल्यांदाच कळला, आणि तो अजिबात आवडला नाही.

जाता जाता: 'हॅरी, जरा गाडी काढ' हे 'डेरिक'मधलं म्हणून जर्मनीत पोराटोरांनाही पाठ असलेलं वाक्य. नेमक्या त्या शब्दांत ते २८१ भागांत कुठेच नाही.